एक बाजार, दोन दर: बेळगाव–चंदगड सीमेवरील मजुरीचा प्रकरण अभ्यास

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघाले की हिंडलगा आणि सुळगा मागे पडतात, बाची येते आणि लगेच शिनोळी लागते. बाची कर्नाटकात, बेळगाव तालुक्यात आहे; शिनोळी महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्यात आहे. २०२५–२६ या आर्थिक वर्षात केंद्राच्या रोजगार हमी कायद्याखालील अकुशल कामाचा दिवसाचा अधिसूचित दर कर्नाटकात ३७० रुपये आणि महाराष्ट्रात ३१२ रुपये होता. म्हणजे एकाच प्रकारच्या मातीकामासाठी बाचीतील बाईला शिनोळीतील तिच्या मावसबहिणीपेक्षा दिवसाला ५८ रुपये अधिक मिळावेत, अशी कायद्याची व्यवस्था होती. शंभर दिवस पुरे भरले, तर वर्षाला ५,८०० रुपयांचा फरक पडतो. शंभर दिवस पुरे भरणारी कुटुंबे थोडी असतात. तो मुद्दा पुढे येईलच.

मजुरी, संस्कृती आणि प्रादेशिक विकास यांवरील अनुभवाधिष्ठित संशोधनात एक अडचण पुन्हा पुन्हा येते. दोन प्रदेशांतील मजुरी वेगळी दिसते, पण त्या प्रदेशांची भाषा, जातिरचना, पाऊस, जमीनधारणा आणि सरकारही वेगळे असते, त्यामुळे फरकाचे माप कोणाच्या पदरी घालायचे हे ठरत नाही. मग जे कशानेच स्पष्ट होत नाही त्याला ‘संस्कृती’ म्हणून मोकळे होण्याची सवय लागते. बेळगावच्या पश्चिमेकडील ही रेषा त्या सवयीला आळा घालू शकते, म्हणून तिचा स्वतंत्र प्रकरण म्हणून अभ्यास करणे योग्य ठरते. या रेषेवर सरकार बदलते आणि समाज बदलत नाही. मात्र ज्या कारणाने ही तुलना स्वच्छ होते, त्याच कारणाने ती गळकीही होते, हे या प्रकरणाचे खरे म्हणणे आहे.

रेषा कशी आली

राज्य पुनर्रचना कायद्याने १ नोव्हेंबर १९५६ रोजी तत्कालीन मुंबई राज्यातील विजापूर, धारवाड, कारवार आणि बेळगाव हे जिल्हे म्हैसूर राज्याला दिले. बेळगाव जिल्ह्यातून फक्त चंदगड तालुका वगळला आणि तो पुढे कोल्हापूरला जोडला गेला. म्हणजे १९५६ पर्यंत चंदगड आणि बेळगाव तालुका एकाच जिल्ह्यात, एकाच कलेक्टरच्या हाताखाली होते. महसूल पद्धत मुंबई इलाख्याची, रयतवारी, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घेण्याची. आजच्या सीमावादाच्या चर्चेत ही साधी बाब क्वचित लक्षात घेतली जाते, पण अर्थशास्त्रीय तुलनेसाठी ती सर्वांत मोलाची आहे. अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांनी २००५ मध्ये दाखवून दिले की ब्रिटिश काळातील जमीन महसुलाची पद्धत, जमीनदारी की रयतवारी, तिचा ठसा स्वातंत्र्यानंतरच्या शेती उत्पादनावर आणि सार्वजनिक गुंतवणुकीवर कित्येक दशके टिकून राहिला. ज्या सीमेच्या दोन्ही बाजूंना जुनी पद्धत एकच होती, तिथे हा ठसा दोन्हीकडे सारखाच असणार.

निपाणी–कागल सीमेबद्दल असे म्हणता येत नाही. निपाणी ब्रिटिश बेळगाव जिल्ह्यात होती, तर कागल कोल्हापूर संस्थानातील जहागीर होती. तिथली राज्यसीमा ही बऱ्याच अंशी जुन्या संस्थानी सीमेवरच बसली आहे, आणि त्या ठिकाणी आज दिसणारा फरक १९५६ चा की शाहू महाराजांच्या काळापासूनचा, हे वेगळे काढणे अवघड आहे. रायबाग कोल्हापूर संस्थानात होते आणि बेळगावला चिकटून असलेले शहापूर सांगली संस्थानात. सीमाभागाचा अभ्यास करताना ‘सीमेपासून दहा किलोमीटरच्या आतील सर्व गावे’ असा पट्टा आखून मोकळे होणाऱ्या संशोधकाने हा जुना नकाशा आधी शेजारी ठेवायला हवा.

चंदगडची बाजूही निर्भेळ नाही. तालुक्यातील हेरे सरंजामाखालच्या, म्हणजे जुन्या जहागिरीतील, गावांत जमिनीच्या मालकीचा प्रश्न स्वातंत्र्यानंतरही दशकानुदशके लोंबकळत राहिला, म्हणून ती गावे तुलनेतून वगळावीत. शिवाय १९५६ नंतर दोन्हीकडे कायदे वेगळे झाले. महाराष्ट्राने सत्तरच्या दशकातच रोजगार हमी योजना सुरू केली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला आणि १९७९ पासून तो अमलात आणला. बेळगाव जिल्ह्यात तशी हमी आली ती केंद्राच्या कायद्याच्या दुसऱ्या टप्प्यात, २००७ मध्ये. कर्नाटकातील कूळकायद्याची मूलगामी दुरुस्ती १९७४ ची, तर महाराष्ट्रातील कृषक दिन, म्हणजे कुळे जमिनीची मालक मानली गेली तो दिवस, १ एप्रिल १९५७ चा. तेव्हा आज बाची आणि शिनोळी यांच्या मजुरीत जो एकूण फरक असेल, तो या सगळ्यांची बेरीज असणार. ती बेरीज एकाच कारणाच्या नावे टाकणे हा अप्रामाणिकपणा होईल.

भाषेच्या बाबतीत मात्र रेषा स्वच्छ आहे. चंदगड वगळला गेला तो मराठी तालुका म्हणून, पण रेषेच्या पूर्वेला असलेली उचगाव, बाची, कुद्रेमानी, बेळगुंदी ही गावेही मराठीच आहेत. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा सांगणाऱ्यांचे प्रमाण एक पंचमांशाहून थोडे कमी होते. या पश्चिम पट्ट्यात चित्र अगदी वेगळे आहे. देवरवाडीच्या वैजनाथाला दोन्हीकडचे लोक जातात. सोयरिकी रेषेपलीकडे होतात. चंदगड तालुक्याच्या पूर्व भागातील माणसाला दवाखाना, कॉलेज, सोने, कापड आणि खत यांसाठी बेळगावच जवळ पडते. कोल्हापूर शंभर किलोमीटरहून लांब आहे.

दर वेगळे का झाले

रोजगार हमीचे दर केंद्र सरकार राज्यनिहाय अधिसूचित करते. १ जानेवारी २०११ पासून हे दर शेतमजुरांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडण्यात आले. त्या दिवशी कर्नाटकाचा दर १२५ रुपये आणि महाराष्ट्राचा १२७ रुपये होता, म्हणजे महाराष्ट्र दोन रुपयांनी पुढे होता. पुढल्याच वर्षी कर्नाटक १५५ आणि महाराष्ट्र १४५ असे झाले. २०१५–१६ मध्ये २०४ आणि १८१, २०२०–२१ मध्ये २७५ आणि २३८, २०२२–२३ मध्ये ३०९ आणि २५६. त्यानंतरच्या वर्षी अंतर ५३ वरून ४३ रुपयांवर आले, २०२४–२५ मध्ये ३४९ आणि २९७ असे पुन्हा वाढले आणि २०२५–२६ मध्ये ५८ वर पोहोचले. पंधरा वर्षांत कर्नाटकाचा दर जवळजवळ तिप्पट झाला. महाराष्ट्राचा अडीच पटीच्या किंचित खाली राहिला.

आता हे अंतर कशाने वाढले ते पाहावे. निर्देशांक राज्याचा असतो. कर्नाटकाच्या निर्देशांकात रायचूर, तुमकूर, मंड्य येथील भाव मिसळलेले आहेत आणि महाराष्ट्राच्या निर्देशांकात विदर्भ, मराठवाडा, खानदेश यांचे. बाची आणि शिनोळी या दोन्ही गावांचा शनिवारचा बाजार मात्र बेळगावात भरतो, तांदूळ, तेल आणि डाळ त्यांना तिथल्याच भावाने मिळते. सूत्राच्या दृष्टीने बाचीतील महागाई शिनोळीतील महागाईपेक्षा कितीतरी वेगाने वाढली. प्रत्यक्षात दोघींच्या पिशवीत एकाच दुकानाचा माल असतो. ज्यांच्या राहणीमानाच्या खर्चात फरक नाही त्यांच्या दरात फरक पडला, आणि तो त्या गावांतील कोणाच्या मागणीमुळे, संघटनेमुळे किंवा उत्पादकतेमुळे पडलेला नाही. दूरच्या जिल्ह्यांतील भावांनी तो घडवला.

प्रशासनाच्या दृष्टीने ही विसंगती आहे. संशोधकाच्या दृष्टीने हा नैसर्गिक प्रयोग आहे, म्हणजे कोणी न आखता परिस्थितीनेच घडवलेला. रेषेच्या दोन बाजूंमधील मजुरीचा सरळ फरक घेण्याऐवजी २०११ पूर्वीचा फरक आणि नंतरचा फरक यांची वजाबाकी करायची, म्हणजे हेरे सरंजाम, कूळकायदा, जुनी रोजगार हमी योजना अशी जी कारणे आधीपासून तशीच आहेत ती दोन्ही वेळा सारखी येऊन कटतात. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांच्या सीमेवर नेमके हेच केले होते. १ एप्रिल १९९२ रोजी न्यू जर्सीचे किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झाले, शेजारी ते तसेच राहिले, आणि या दोघांनी दोन्हीकडच्या ४१० फास्ट फूड दुकानांतील नोकऱ्यांची आधीची व नंतरची संख्या ताडून पाहिली. वेतन वाढल्याने नोकऱ्या घटतात, हे पाठ्यपुस्तकातील भाकीत तिथे खरे ठरले नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले ते अशाच कामासाठी.

आपल्याकडे किमान वेतनाचे दर उद्योगवार, कौशल्यवार आणि परिमंडळवारही बदलतात, त्यामुळे त्यांच्या आधारे अशी तुलना करायला गेले की कोणत्या दराची कशाशी तुलना करायची यातच वेळ जातो. रोजगार हमीचा दर राज्यभर एकच असतो. म्हणून या प्रकरणात तोच निवडला आहे.

गळती

आता खरी गुंतागुंत सुरू होते. रोजगार हमीचे जॉब कार्ड ग्रामपंचायतीचे असते. शिनोळीची बाई बाचीच्या मस्टरवर नाव लावू शकत नाही. पण बाचीच्या शेतात भात लावायला, भांगलायला किंवा काजू गोळा करायला ती नक्कीच जाऊ शकते, आणि जाते. समजा बाचीत हमीच्या दरामुळे शेतमजूर महाग झाले, तर तिथला शेतकरी टेंपो पाठवून पलीकडून बायका आणेल. त्याने बाचीतील मजुरी थोडी उतरेल आणि शिनोळीतील थोडी चढेल. संशोधक रेषेच्या दोन्ही बाजूंची मजुरी मोजेल तेव्हा त्याला फरक सापडणार नाही आणि ‘हमीच्या दराचा खासगी मजुरीवर परिणाम नाही’ असे तो लिहून टाकेल. परिणाम झालेला असेल, पण दोन्हीकडे वाटला गेलेला असेल.

समाज जितका एकजीव, तितकी तुलना निर्दोष. आणि समाज जितका एकजीव, तितके मजूर सहज पलीकडे जाणार. नातेवाईक पलीकडे असल्यामुळेच कुठल्या गावात किती दर चालला आहे याची बातमी संध्याकाळपर्यंत पोहोचते. भाषा एकच असल्यामुळेच मुकादमाला बोलणी करायला दुभाष्या लागत नाही. सीमेवरील प्रयोगांबद्दल लिहिताना बहुतेक संशोधक पहिल्या गुणाचे कौतुक करतात आणि दुसऱ्याची दखल तळटीपेत घेतात, हे मला उलटे वाटते.

या गळतीकडे दुर्लक्ष केले तर किती मोठी चूक होऊ शकते याचा अंदाज कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांच्या आंध्र प्रदेशातील अभ्यासावरून येतो. तिथे रोजगार हमीची रक्कम देण्याची पद्धत काही मंडलांत (तालुक्याहून लहान विभागांत) आधी आणि काहींत नंतर सुधारण्यात आली. गरीब कुटुंबांचे उत्पन्न वाढले, आणि त्या वाढीचा मोठा वाटा हमीच्या कामातून आला नव्हता, तर खासगी बाजारातील मजुरीतून आला होता. शेजारच्या मंडलांपर्यंत पोहोचलेला परिणाम हिशेबात धरल्यावर एकूण परिणाम आणखी मोठा निघाला. क्लेमां इम्बेर आणि जॉन पॅप यांनीही २०१५ मध्ये देशपातळीवर हमीच्या कामांमुळे खासगी नैमित्तिक मजुरी वाढल्याचे दाखवले होते, विशेषतः शेतीची कामे कमी असलेल्या महिन्यांत.

बेळगाव–चंदगड रेषेवर याचा व्यावहारिक अर्थ असा, की बाची विरुद्ध शिनोळी ही अगदी चिकटून असलेली जोडी ही सर्वांत आकर्षक आणि सर्वांत फसवी आहे. रेषेपासूनच्या अंतरानुसार गावांचे पट्टे करावे लागतील. सायकलवर किंवा टेंपोने रोज जाऊन येता येईल इतक्या अंतरातील पट्ट्यात फरक कमी, आणि त्यापलीकडे कोवाड, चंदगड यांच्या बाजूला फरक जास्त, असा आलेख निघाला तर गळती झाली असे समजावे. फरक सगळीकडेच शून्य निघाला तर हमीचा दर बाजाराला भिडतच नाही, असे समजावे. पहिल्या निष्कर्षात आणि दुसऱ्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि फक्त चिकटलेल्या गावांकडे पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतील.

दर बाजाराला भिडतो का, हा प्रश्न गड्यांसाठी आणि बायकांसाठी वेगवेगळा विचारावा लागेल. बेळगावच्या उद्यमबागेत आणि मच्छ्याच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्री, मशीन शॉप आणि पंपाचे कारखाने आहेत. शिनोळी आणि हलकर्णी येथेही औद्योगिक क्षेत्रे आहेत. दोन्हीकडचे तरुण मोटारसायकलवर तिथे जातात. त्यांच्या हजेरीचा दर ठरतो तो या कारखान्यांमुळे, गवंडीकामामुळे आणि गोव्यातील मागणीमुळे. हमीचा दर त्याच्या खाली असल्याने तो त्यांना फारसा लागू होत नाही. बायकांची गोष्ट निराळी आहे. शेतात बायकांची हजेरी गड्यांपेक्षा कमी असते आणि हमीच्या कामावर दोघांना एकच दर असतो. चंदगडातील काजू प्रक्रिया केंद्रांत सोलण्याचे आणि निवडण्याचे काम बायका वजनावर करतात, म्हणजे तिथे दिवसाचा दर हातांच्या वेगावर अवलंबून असतो. हमीचे काम उपलब्ध असेल तर हा पर्याय त्यांच्या मजुरीला खालून आधार देतो. म्हणून परिणाम शोधायचा तर तो बायकांच्या मजुरीत, आणि तोही मार्च ते मेच्या दरम्यान शोधावा. जुलैमध्ये रोप लावणीच्या दिवसांत हमीची कामे जवळजवळ बंद असतात आणि शेतातील मजुरी वर्षातील सर्वांत चढी असते; तेव्हाचे आकडे घेतले तर दुसराच परिणाम मोजला जाईल.

उन्हाळ्यात एक विरोधी ओढही आहे. तेव्हाच काजूचा हंगाम असतो. ज्या वर्षी काजूचे पीक भरघोस येते त्या वर्षी बायकांची मागणी दोन्हीकडे वाढते आणि हमीच्या दराचा प्रभाव झाकला जातो. सुप्रीत कौर यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातील खेड्यांत मजुरी चांगल्या पावसानंतर वाढते, पण पुढे परिस्थिती उतरल्यावर ती सहसा खाली येत नाही, असे आढळले. त्यावरून असे वाटते की २०२३–२४ मध्ये दरांतील अंतर दहा रुपयांनी घटले तेव्हा खासगी मजुरीतील अंतर घटले असेल अशी अपेक्षा ठेवू नये. चढताना आणि उतरताना वेगळे गणित मांडावे लागेल.

मोजमापातील आणखी एक बाब स्थानिक माणसाला सांगावी लागत नाही, बाहेरच्या संशोधकाला सांगावी लागते. या भागात लहान शेतकऱ्यांचे बरेच काम पैऱ्याने होते. आज तू माझ्याकडे ये, परवा मी तुझ्याकडे येतो, अशा या देवघेवीत पैसे हातातून हातात जातच नाहीत. सर्वेक्षणात ‘मागील सात दिवसांत मजुरी मिळाली का’ एवढाच प्रश्न विचारला तर अशी बाई बेकार ठरते किंवा घरच्या शेतावर काम करणारी ठरते. मजुरी वाढली की पैरा वाढतो, कारण रोखीने माणूस लावणे परवडत नाही. त्यामुळे रोख मजुरीच्या नोंदी कमी होतात आणि जे उरतात त्यांचे दर जास्त दिसतात. हा दोष दोन्ही बाजूंना असला, तरी मजुरी जिथे जास्त वाढली तिथे तो जास्त असणार.

काळाची मर्यादाही घालून घ्यावी लागेल. कर्नाटकाने ऑगस्ट २०२३ पासून गृहलक्ष्मी योजनेत कुटुंबप्रमुख स्त्रीला दरमहा २,००० रुपये द्यायला सुरुवात केली, आणि महाराष्ट्राने जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत दरमहा १,५००. त्याआधी जून २०२३ पासून कर्नाटकात स्त्रियांचा सरकारी बसप्रवास मोफत झाला, तर महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीत निम्म्या तिकिटाची सवलत लागू झाली. घरी महिन्याला निश्चित रक्कम येऊ लागली की बाई किती दराला कामावर जाईल हे बदलते. बस फुकट झाली की किती लांब जाईल हेही बदलते. या चारही गोष्टी नेमक्या राज्यसीमेवरच थांबतात. म्हणून २०११ नंतरच्या काळाची खिडकी मार्च २०२३ पर्यंतच ठेवणे हितावह आहे, आणि त्यातही २०२० ची टाळेबंदी वगळून.

दुसरी रेषा

आतापर्यंत समाज सारखा आणि सरकार वेगळे अशी रेषा पाहिली. बेळगावकराला दुसरीही रेषा माहीत असते. शहरातून पूर्वेला, बैलहोंगलच्या दिशेने निघाले की सरकार तेच राहते आणि मराठी मागे पडून कन्नड सुरू होते. स्वित्झर्लंडमध्ये अशाच रेषेवर बिआट्रिक्स ऑयगस्टर, राफाएल लालीव, आंद्रेआस श्टाइनहाउअर आणि योसेफ त्स्वाइम्युलर यांनी काम केले. तिथे जर्मन आणि फ्रेंच भाषिकांमधील सीमा फ्रिबुर्ग, व्हॅले अशा कँटनांच्या (प्रांतांच्या) आतून जाते, म्हणजे कायदे आणि बाजार तेच राहून भाषा बदलते. सीमेच्या फ्रेंच बाजूच्या बेरोजगारांना काम मिळायला जर्मन बाजूपेक्षा सुमारे सात आठवडे अधिक लागत होते, आणि त्याचा संबंध त्यांनी कामाविषयीच्या सामाजिक धारणांशी जोडला.

मग बेळगावच्या पूर्वेला तसेच करावे का? माझे मत नकारार्थी आहे. तिथे भाषा बदलते तेव्हाच पाऊस कमी होतो, लाल माती काळी होते, भात आणि रताळी जाऊन कापूस, ज्वारी आणि हरभरा येतात, आणि प्रमुख शेतकरी जात मराठ्यांऐवजी लिंगायत होते. शिवाय बदल एका रेषेवर होत नाही; मधल्या गावांतील बहुतेक माणसे दोन्ही भाषा बोलतात, आणि कोणती मातृभाषा सांगायची हे कधी कधी विचारणाऱ्यावर अवलंबून असते. अशा ठिकाणी सापडलेला मजुरीतील फरक मराठी किंवा कन्नड ‘वृत्ती’च्या नावावर खपवणे सोपे आहे, आणि दुर्दैवाने सीमाभागात त्याला दोन्ही बाजूंनी गिऱ्हाईक मिळते. पहिल्या रेषेचा निष्कर्ष ज्या शिस्तीने काढता येतो त्या शिस्तीने दुसरीचा काढता येत नाही.

संस्कृतीचा मजुरीशी संबंध नाही असा याचा अर्थ नाही. तो कुठल्या वाटेने येतो ते पाहावे लागते. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी २००६ मध्ये मुंबईच्या दादर भागातील शाळांचा अभ्यास मांडला. ज्या जातींतील पुरुषांचे गिरणीत व कारखान्यात ओळखीने काम लागण्याचे जाळे मजबूत होते, त्या जातींतील मुलगे इंग्रजी शिकण्याचा मोबदला वाढल्यानंतरही मराठी शाळांतच जास्त राहिले. त्याच घरांतील मुली, ज्यांना त्या जाळ्याचा उपयोग नव्हता, इंग्रजी शाळांकडे वळल्या. बेळगावच्या पश्चिम पट्ट्यात फाउंड्रीतील ओळख आणि पलटणीची परंपरा हे असे जाळे आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे, आणि लष्कराचा पगार बाचीच्या मुलाला आणि शिनोळीच्या मुलाला एकच मिळतो. त्यामुळे या दोन्ही गावांत घरात येणाऱ्या पैशाचा एक भाग असा आहे ज्याला राज्याची सीमा ठाऊकच नाही, आणि ‘शिकून काय करायचे’ या प्रश्नाची उत्तरेही दोन्हीकडे सारखी आहेत.

भाषेची किंमत प्रत्यक्षात द्यावी लागते ती फाउंड्रीच्या दारात नव्हे, सरकारी नोकरीच्या दारात. कारखान्यात मराठी, कन्नड आणि हिंदी यांचे मिश्रण चालते. डेव्हिड क्लिंगिंगस्मिथ यांनी दाखवल्याप्रमाणे १९३१ ते १९६१ या काळात भारतात जिथे कारखान्यांतील रोजगार वाढला तिथे द्विभाषिकताही वाढली. सरकारी नोकरीसाठी मात्र कर्नाटकात कन्नड लिहिता-वाचता यावे लागते, आणि मराठी माध्यमातून आलेल्या बाचीच्या मुलाला ते उशिरा आणि अपुरे येते. महाराष्ट्र सरकार सीमाभागातील ८६५ गावांच्या उमेदवारांना आपल्या नोकऱ्यांसाठी पात्र मानते, पण त्यासाठी घर सोडावे लागते. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने खासगी उद्योगांत व्यवस्थापकीय जागांत ५० टक्के आणि इतर जागांत ७० टक्के स्थानिकांसाठी राखण्याच्या विधेयकाला मंजुरी दिली, स्थानिक कोण हे ठरवताना कन्नडचे ज्ञान ही अट घातली, आणि उद्योगांच्या विरोधानंतर दोन दिवसांत ते थांबवले. ते लागू झाले असते तर उद्यमबागेत चंदगडचा कामगार आणि कन्नड न शिकलेला बाचीचा कामगार दोघेही एकाच बाजूला ढकलले गेले असते, आणि आज न दिसणारी रेषा मजुरीत दिसू लागली असती.

जागतिक बँकेतील संशोधकांनी २००१ च्या जनगणनेच्या आधारे काढलेला निष्कर्ष येथे लागू पडतो. एकाच राज्यातील शेजारच्या जिल्ह्यांमधील स्थलांतर हे वेगवेगळ्या राज्यांतील शेजारच्या जिल्ह्यांमधील स्थलांतरापेक्षा किमान ५० टक्क्यांनी अधिक आढळले, आणि त्यामागे रेशन, शिक्षणातील राखीव जागा व सरकारी नोकऱ्या यांसारख्या राज्याशी बांधलेल्या हक्कांचा हात आहे असे त्यांनी म्हटले. बेळगाव–चंदगड पट्ट्यात लोक कामासाठी रोज सीमा ओलांडतात आणि राहायला ओलांडत नाहीत, याचे स्पष्टीकरण त्यात सापडते. दिवसाची मजुरी सीमा ओलांडते. पत्ता ओलांडत नाही. म्हणून जनगणनेतील स्थलांतराच्या तक्त्यांत ही ये-जा दिसणार नाही.

आकडे कुठून आणायचे

तरुण जैन यांनी २०१७ मध्ये दक्षिण भारतातील जिल्ह्यांच्या आधारे दाखवले की वसाहतकाळात ज्या जिल्ह्यांची बहुसंख्य भाषा राज्यकारभाराच्या भाषेहून वेगळी होती तिथे साक्षरता मागे होती, आणि १९५६ च्या पुनर्रचनेनंतर हे अंतर कमी झाले. अभ्यास महत्त्वाचा आहे, पण त्याचे एकक जिल्हा आहे. बेळगाव जिल्ह्याच्या सरासरीत उचगाव आणि येळ्ळूर ही गावे विरघळून जातात. पुनर्रचनेने ज्यांना नव्याने अल्पसंख्य केले त्यांचे काय झाले, हे त्या सरासरीतून कळत नाही. कर्नाटकातील प्रादेशिक असमतोलाविषयीच्या डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने २००२ मध्ये तालुका हे एकक घेतले आणि ३५ निकषांवर ११४ तालुके मागास ठरवले. या प्रश्नासाठी तालुकाही मोठाच पडतो, कारण बेळगाव तालुक्यात शहर येते.

गावपातळीवरील दोन गोष्टी उपलब्ध आहेत. रोजगार हमीचे मस्टर ग्रामपंचायतवार सार्वजनिक आहे आणि त्यात स्त्री-पुरुषांचे मनुष्यदिवस वेगळे मिळतात. जनगणना आणि आर्थिक गणना यांची गावनिहाय जोडणी केलेला माहितीसाठाही संशोधकांसाठी खुला आहे. खासगी मजुरीचा गावनिहाय आकडा मात्र कुठल्याच सरकारी सर्वेक्षणात नाही. श्रमशक्ती सर्वेक्षणात जानेवारी २०२५ पासून जिल्हा हे मूळ एकक केले गेले, तरी एका तालुक्याच्या एका कडेला त्यातून आलेली कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असणार. तो आकडा गावोगाव जाऊन, हंगामवार, बायकांचा आणि गड्यांचा वेगळा, आणि पैऱ्याची नोंद ठेवून गोळा करावा लागेल. मागील वर्षांसाठी शेतकऱ्यांच्या वह्या कामी येतील, कारण रोप लावणीच्या दिवसांची हजेरी लिहून ठेवणारी घरे दोन्हीकडे आहेत.

आणि एवढे करूनही ही एकच सीमा आहे, दोनच राज्ये आहेत. गावांची संख्या वाढवल्याने प्रमाणदोष, म्हणजे अंदाजातील अनिश्चिततेचे माप, कागदावर लहान होतो, पण राज्यपातळीवर दुसरे काही घडले असेल तर ते सगळ्या गावांत एकदम घडलेले असते. कार्ड–क्रूगर यांच्यावरही हाच आक्षेप आला होता, आणि २०१० मध्ये अरिंद्रजित दुबे, विल्यम लेस्टर व मायकल राइश यांनी अमेरिकेतील सर्व राज्यसीमांवरच्या शेजारी काउंटींच्या (जिल्ह्यांच्या) जोड्या एकत्र घेऊन त्याला उत्तर दिले. आपल्याकडे तसे करायचे तर कर्नाटक–महाराष्ट्र सीमेवरच्या जत–अथणी, अक्कलकोट–आळंद, उमरगा–बसवकल्याण या जोड्याही घ्याव्या लागतील. त्यांत जत आणि अक्कलकोट ही संस्थाने होती, आणि उमरगा, बसवकल्याण व आळंद निजामाच्या राज्यात. जुना नकाशा शेजारी ठेवून पाहिले तर उमरगा–बसवकल्याण हीच जोडी चंदगड–बेळगाव जोडीच्या पंक्तीला बसण्यासारखी आहे. बाकीच्या जोड्या वापरायच्या असतील तर त्या फक्त २०११ नंतरच्या बदलासाठी वापराव्यात, पातळीच्या तुलनेसाठी नव्हे.